७२ ओळींचा टेन्स चार्ट आणि चार रूपांचं क्रियापद

भिंतीवर लावायच्या लॅमिनेटेड टेन्स चार्टचा साचा ठरलेला आहे. वर तीन काळ. डावीकडे साधा, चालू, पूर्ण आणि चालू पूर्ण असे चार प्रकार. मिळून १२ घरं. पूर्ण आकाराच्या तक्त्यात प्रत्येक घरात सहा ओळी: आय, यू, ही-शी-इट, वी, पुन्हा यू, दे. नियमित क्रियापदाचा नमुना म्हणून ‘वर्क’. एकूण ७२ वाक्यं. त्यांत चूक सहसा नसते, पण ती पाठ करायला बसणं म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणं.

मोजूनच बघा. ७२ ओळींत ‘वर्किंग’ ३६ वेळा येतं, ‘वर्क्ड’ २४ वेळा, ‘वर्क’ ११ वेळा आणि ‘वर्क्स’ फक्त एकदा. झालं, यापलीकडे क्रियापदाला रूपच नाही. कर्त्याप्रमाणे काही बदलतं ते पाच घरांत: साध्या वर्तमानात तो एकटा एस, चालू वर्तमानात ॲम-इज-आर, चालू भूतकाळात वॉज-वेअर, आणि पूर्ण व चालू पूर्ण वर्तमानात हॅव-हॅज. उरलेल्या सात घरांतल्या सहाही ओळी कर्ता सोडला तर अक्षरशः सारख्या. ‘मी खेळतो, तू खेळतोस, ती खेळते, ते खेळतात’ असं बदलणाऱ्या मराठीला ही सहा ओळींची मांडणी शोभते. इंग्रजीत ती निव्वळ जागा अडवते. त्यामुळे चार रूपांची वेगळी पट्टी असलेला आणि घरात गरजेपुरत्याच ओळी ठेवणारा तक्ता दिसला, तर तोच उचलावा.

खरी खोट नमुन्याच्या शब्दात आहे. ‘वर्क’ हे फार गुणी बाळ! ईडी लावा, आयएनजी लावा, स्पेलिंग जागचं हलत नाही. विद्यार्थी अडतो तो ‘स्टॉप’, ‘स्टडी’, ‘डाय’पाशी. ‘स्टॉप’चा पी दुप्पट का होतो? ‘होप’ आणि ‘हॉप’ शेजारी ठेवा. ‘होप’च्या शेवटी मुका ई आहे, त्याला नुसता डी जोडला की एकाच पीचं ‘होप्ड’ तयार. ‘हॉप’मधला ऱ्हस्व स्वर टिकवायचा तर पी दोन हवेत, नाहीतर दोन्ही शब्द एकच दिसतील. दोन अवयवांच्या (सिलेबलच्या) शब्दात आघात, म्हणजे उच्चारातला जोर, बघायचा: ‘प्रिफर’मध्ये तो शेवटी, म्हणून आर दोन, ‘व्हिजिट’मध्ये सुरुवातीला, म्हणून टी एकच. ‘ट्रॅव्हल’ला ब्रिटिश पद्धतीत दोन एल, अमेरिकन पद्धतीत एक, तक्त्याने कोणतीही एक धरावी, दोन्हींची खिचडी नको. ‘स्टडी’चा वाय ईडीपुढे आय होतो, पण आयएनजीपुढे तसाच राहतो, ‘प्ले’मध्ये वायच्या आधी स्वर असल्याने तो कुठेच हलत नाही. ‘डाय’मध्ये नेमकं उलट, आयएनजीपुढे आयईचा वाय होतो. ‘पॅनिक’ला ईडीआधी के लागतो, कारण ईसमोरचा सी एरवी ‘स’ वाचला जातो. एवढे शब्द कोपऱ्यात छापलेले असतील तर तक्ता कामाचा.

देवनागरीत उच्चार छापणारे तक्ते आणखी एक गोंधळ घालतात: सगळीकडे सरसकट ‘ड’. ईडीचे उच्चार तीन आहेत. क, प, स, श, च, फ अशा अघोष, म्हणजे घशात कंप न होणाऱ्या, आवाजानंतर ‘ट’, म्हणजे बोलताना ‘वर्क्ट’. स्वर आणि घोष व्यंजनानंतर ‘ड’, जसं ‘प्लेड’. आणि ट किंवा ड यांच्यानंतर ‘इड’, जसं ‘वॉन्टिड’. ‘स्टॉपेड’, ‘वॉकेड’ असे जादा अवयव ऐकू येतात ते स्पेलिंग जसंच्या तसं वाचल्याने.

नकार आणि प्रश्न मात्र बहुतेक तक्त्यांत सापडत नाहीत. ७२ वाक्यं, सगळी होकारार्थी! मग ‘ही डझन्ट वर्क्स’ आणि ‘डिड यू वर्क्ड’ पिकतात. डझने एस घेतला, डिडने भूतकाळ घेतला, की मागे मूळ ‘वर्क’च उरतं, ही एक ओळ छापायला जागा कितीशी लागते?

चालू पूर्ण वर्तमानाच्या घरात नुसतं ‘आय हॅव बीन वर्किंग’ असेल तर मराठी माणसाला ते पुरत नाही. ‘दोन वर्षांपासून काम करतोय’ याचं तो बेधडक ‘आय ॲम वर्किंग सिन्स टू इयर्स’ करतो. इथे ‘हॅव बीन वर्किंग’ आणि कालावधीसाठी ‘फॉर’ हवं. ‘सिन्स’ सुरुवातीच्या क्षणासाठी, जसं ‘सिन्स मंडे’. शेजारच्या पूर्ण वर्तमानाच्या घरात ‘यस्टरडे’ दिसलं, तर तो तक्ता दुकानातच ठेवावा.

क्रियापद टाकलं की रूपं देणाऱ्या वेबसाइट्स स्पेलिंग तपासायला सोयीच्या, पण ‘बिलाँग’ टाकून बघा. हे क्रियापद सहसा चालू काळात येत नाही: जी ‘आय ॲम बिलाँगिंग’ काही न सांगता छापते, तिच्याकडून वाक्यं उचलू नयेत.

जुना तक्ता भिंतीवर असेलच तर काढायची गरज नाही. ‘विल हॅव बीन वर्किंग’ची वेळ क्वचितच येते, त्या घरावर कागद चिकटवून डझन्ट आणि डिडन्टच्या चार ओळी ठळक लिहा, जागा सत्कारणी लागेल.