इशारे बंद केले आणि बॅकअपचे पैसे घेतले

तुमच्या डोमेन कंट्रोलरचा (डीसी, म्हणजे ऑफिसातली युजर खाती आणि लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) बॅकअप बाहेरच्या कंपनीकडे असेल आणि तिने काम हातात घेतल्यापासून बॅकअपच्या वॉर्निंग एकदम थांबल्या असतील, तर त्या का थांबल्या हे एकदा स्वतः बघा. आमच्याकडे त्या थांबल्या, दर महिन्याला छान रंगीत रिपोर्ट येत राहिला, बिलं वेळच्या वेळी भरली गेली. आणि डिरेक्टरीचा, म्हणजे त्या खात्यांच्या डेटाबेसचा, वापरण्याजोगा बॅकअप मात्र एकही नव्हता. कंपनीचं नाव देत नाही, कारण अजून हिशेब मिटलेला नाही. पण त्यांनी काय केलं आणि ते कसं ओळखायचं, हे सगळं लिहितो.

वॉर्निंग कोणती, ते आधी. ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या (विंडोजच्या या डिरेक्टरीचं नाव) एखाद्या पार्टिशनचा, म्हणजे भागाचा, बॅकअप ठरावीक दिवसांत झाला नाही, तर डोमेन कंट्रोलर 'डिरेक्टरी सर्व्हिस' या लॉगमध्ये इव्हेंट २०८९ टाकतो. विंडोज सर्व्हर २००३ च्या सर्व्हिस पॅक १ पासून ही सोय आहे. बॅकअप होईपर्यंत रोज नोंद पडते, आणि प्रत्येक पार्टिशनची वेगळी: स्कीमा, कॉन्फिगरेशन, डोमेन, शिवाय डीएनएसची दोन. ठरावीक दिवस म्हणजे टूमस्टोन लाइफटाइमच्या निम्मे; डिलीट केलेल्या नोंदीची खूण डिरेक्टरीत जितके दिवस राहते, तो हा काळ. नवीन फॉरेस्टमध्ये (एका डिरेक्टरीखालच्या सगळ्या डोमेनचा समूह) टूमस्टोन १८० दिवसांचा असतो, म्हणजे ९० दिवसांनी ओरड सुरू होते. जुन्या काळापासून अपग्रेड होत आलेल्या फॉरेस्टमध्ये तो ६० चाच राहिलेला असू शकतो, तिथे ३० दिवसांनी. टूमस्टोनपेक्षा जुना बॅकअप रिस्टोअरसाठी निरुपयोगी असतो, म्हणून निम्म्या वाटेवरच घंटा वाजते.

आमच्याकडे ही घंटा वाजत होती, म्हणूनच तर बॅकअपचं काम बाहेर दिलं. करार झाला, त्यांचा इंजिनिअर येऊन तिन्ही डीसींवर काहीतरी करून गेला, आणि २०८९ गायब. सगळ्यांना बरं वाटलं. मासिक रिपोर्टमध्ये दोन पानं बॅकअपची असायची, हिरव्या रंगात 'सक्सेसफुल', आणि खाली एक ओळ: डिरेक्टरी लॉगमध्ये बॅकअपसंबंधी वॉर्निंग शून्य.

भांडं फुटलं ते चौथा डीसी उभा केला तेव्हा. आम्ही तो स्वतःच प्रमोट केला (साध्या सर्व्हरचा डीसी बनवला), कंपनीला कळवलंही नव्हतं. रेप्लिकेशन (बाकीच्या डीसींकडून डिरेक्टरीची प्रत येणं) पूर्ण होऊन सर्व्हर स्थिर झाला आणि त्याच्या लॉगमध्ये २०८९ च्या पाच नोंदी एकाखाली एक येऊन बसल्या. जुने तिघे गप्प, आणि काल आलेला हा ओरडतोय. बॅकअपची शेवटची तारीख डिरेक्टरीतच साठवलेली असते आणि ती सगळ्या डीसींवर रेप्लिकेट होते. म्हणजे चौघांनाही एकच तारीख दिसत होती. मग एकालाच तक्रार का?

कंपनीला फोन केला. "सर, नवीन सर्व्हर आहे ना, दोन-चार दिवस येतं असं. फॉल्स अलार्म आहे. आमचा मुलगा रिमोट घेऊन क्लिअर करेल."

क्लिअर करेल, हा शब्द मला खटकला. वॉर्निंग क्लिअर करायची नसते, बॅकअप घ्यायचा असतो. तरी म्हटलं, घेऊ दे रिमोट, आपण समोर बसून बघू. मुलाने रेजिस्ट्री एडिटर (विंडोजच्या आतल्या सेटिंग बदलायचं साधन) उघडला, सर्व्हिसेसखाली एनटीडीएस, त्याच्याखाली पॅरामीटर्स, आणि तिथे एक नवीन ड्वर्ड (आकडा ठेवणारी सेटिंग) तयार करायला घेतला. नाव टाइप केलं: बॅकअप लेटन्सी थ्रेशोल्ड डेज. मी तिथेच थांबवलं आणि विचारलं, हे कशासाठी? तो प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, सगळीकडे आम्ही हेच करतो." त्या पोरावर माझा राग नाही. त्याला चेकलिस्ट दिली होती, तो ती पाळत होता.

रिमोट बंद केला आणि जुन्या तीन डीसींवर तीच जागा उघडली. तिघांवरही ही किंमत आधीच टाकलेली. हेक्समध्ये ई४२, कंसात दशमान आकडा ३६५०. म्हणजे दहा वर्षं बॅकअप झाला नाही तरी चालेल, त्यानंतर सांग, असं तिन्ही सर्व्हरना बजावून ठेवलं होतं. ही किंमत रेजिस्ट्रीत असते, डिरेक्टरीत नाही, म्हणून ती रेप्लिकेट होत नाही. नव्या डीसीपर्यंत ती पोहोचलीच नव्हती. आम्ही चौथा सर्व्हर त्यांच्याकडूनच बसवून घेतला असता, तर हे कधी कळलं असतं देव जाणे.

आता खरा प्रश्न: बॅकअप कधी झाला होता? यासाठी कुणाच्या रिपोर्टची गरज नाही. कुठल्याही डीसीवर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि रेपॲडमिन ही कमांड स्लॅश शोबॅकअप या स्विचने चालवा, पुढे तारांकन दिलं की सगळ्या डीसींकडून उत्तर येतं. प्रत्येक पार्टिशनसमोर एक ओळ दिसते: कुठल्या डीसीवर बॅकअप झाला, कोणत्या तारखेला, आणि एक व्हर्जन नंबर. डिरेक्टरीला कळेल अशा रीतीने बॅकअप पूर्ण झाला की डीएसए सिग्नेचर हा ॲट्रिब्यूट नव्याने लिहिला जातो, आणि दर वेळी व्हर्जन वाढतो. सगळे तारीख बघतात, मी म्हणतो व्हर्जन बघा. तारीख फक्त शेवटच्या बॅकअपची असते, व्हर्जन सगळा इतिहास सांगतो. रोज बॅकअप घेतल्याचा दावा असेल तर हा नंबर वर्षात काहीशेने चढायला हवा. आमचा एक आकडी होता, आणि तारीख कराराच्या आधीची.

हे आउटपुट मेलला जोडून पाठवलं, तेव्हा उत्तरांची मालिका सुरू झाली.

पहिलं उत्तर: तीन डीसी आहेत, एक पडला तर दोन आहेतच, हाच बॅकअप. नाही. कुणी चुकून एखादं आख्खं ओयू (डिरेक्टरीतला खात्यांचा गट) डिलीट केलं, तर ते डिलीट होणंसुद्धा इमानदारीने सगळीकडे रेप्लिकेट होतं. जास्त डीसी असले तर हार्डवेअर मेल्यावर काम अडत नाही, एवढंच.

दुसरं उत्तर: आम्ही व्हर्च्युअल मशीनचे स्नॅपशॉट (त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणं) घेतो. घेत होते खरे, कधीमधी, आणि त्याच स्टोरेजवर ठेवत होते ज्यावर ते मशीन चालतं. स्टोरेज गेलं की दोन्ही गेलं. शिवाय डीसीला जुन्या स्नॅपशॉटवर परत नेणं हे साध्या सर्व्हरसारखं नाही. त्याचे अपडेट क्रमांक (यूएसएन) मागे जातात, बाकीच्यांना ते पुढे गेल्याचं आठवतं, आणि यूएसएन रोलबॅक होतो. मग इव्हेंट २०९५ पडतो आणि त्या डीसीचं रेप्लिकेशन बंद केलं जातं. विंडोज सर्व्हर २०१२ पासून, हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) व्हीएम जनरेशन आयडी (मशीन मागे नेलं की बदलणारा क्रमांक) देत असेल तर, यातून संरक्षण मिळतं. पण तेव्हाही तो डीसी हरवलेला डेटा बाकीच्यांकडूनच घेतो. जे सगळीकडून पुसलं गेलंय ते त्यातून परत येत नाही.

तिसरं उत्तर सगळ्यात चलाख होतं: रिपोर्ट तर सक्सेसफुल आहे ना? होता. म्हणून मी त्या जॉबचा मूळ लॉग मागितला. टाळाटाळ झाली, शेवटी करारातलं कलम दाखवल्यावर मिळाला. जॉबचं नाव डीसीचं, पण आत फक्त दोन फोल्डर: सिसव्हॉल (पॉलिसी आणि स्क्रिप्टचं) आणि एनटीडीएस (डिरेक्टरीच्या डेटाबेसचं). साधी फाइल कॉपी. एलसॅस ही विंडोजची लॉगिन सांभाळणारी प्रोसेस डिरेक्टरीचा डेटाबेस, म्हणजे एनटीडीएस डॉट डिट ही फाइल, सतत उघडी धरून बसलेली असते, त्यामुळे साध्या कॉपीला ती हात लावू देत नाही. लॉगमध्ये प्रत्येक रात्री तीच ओळ होती: फाइल वापरात आहे, वगळली. खाली जॉब स्टेटस सक्सेसफुल. म्हणजे बाहेरचं पाकीट रोज जपून ठेवलं आणि आतलं पत्र रोज टाकून दिलं. जॉबमध्ये वगळलेल्या फाइलींना एरर न मानण्याची सेटिंग असते, ती कुणीतरी मुद्दाम टिक केली होती.

खरा बॅकअप म्हणजे सिस्टिम स्टेटचा (डिरेक्टरी, रेजिस्ट्री, सिसव्हॉल असं सगळं एकत्र), व्हीएसएसमधून, म्हणजे उघड्या फाइलींचीही शॅडो कॉपी काढणाऱ्या विंडोजच्या सोयीतून, घेतलेला. विंडोज सर्व्हर बॅकअप हे फीचर बसवून डब्ल्यूबीॲडमिन या कमांडने घ्या, नाहीतर ॲप्लिकेशन-अवेअर सेटिंग (चालू डेटाबेस ओळखून नीट बॅकअप घेणारी) चालू केलेल्या एखाद्या चांगल्या बॅकअप प्रॉडक्टने. तो झाला की डिरेक्टरी सर्व्हिस लॉगमध्ये इव्हेंट १९१७ दिसतो, शॅडो कॉपी बॅकअप यशस्वी झाल्याचा. आमच्या लॉगमध्ये १९१७ शोधला, कंपनीच्या काळातला एकही मिळाला नाही.

हे सगळं का केलं असेल, यावर माझं मत सांगतो. करारात दंड होता तो उघड्या अलर्टच्या संख्येवर. बॅकअप घ्यायचा म्हणजे वेगळी जागा, लायसन्स, रात्रीची वेळ, माणूस. अलर्ट बंद करायला एक ड्वर्ड पुरतो. ज्याचे पैसे मिळतात तेच काम होतं.

वॉर्निंग न दिसण्याची कारणं मात्र प्रत्येक वेळी लबाडीचीच असतात असं नाही, त्यामुळे कुणावर आरोप करण्याआधी एवढं तपासा. एका डीसीचा बॅकअप झाला की सिग्नेचर सगळीकडे पसरते आणि बाकीचे सगळे गप्प होतात. मग ज्या डीसीवर तुमचं खरं लक्ष आहे त्याचा बॅकअप वर्षानुवर्षं झालेला नसेल तरी २०८९ येणार नाही. शोबॅकअपच्या ओळीत डीसीचं नाव असतं ते यासाठीच वाचायचं. दुसरं, डिरेक्टरी सर्व्हिस लॉगचा कमाल आकार लहान असेल तर बाकीच्या नोंदींच्या गर्दीत जुनी वॉर्निंग पुसली जाते. तिसरं, २०८९ ही एरर नाही, वॉर्निंग आहे. मॉनिटरिंगमध्ये फक्त एरर आणि क्रिटिकल उचलायचा फिल्टर असेल तर ती लॉगमध्ये रोज पडत राहील आणि तुमच्या स्क्रीनवर कधीच येणार नाही. आणि ती ड्वर्ड किंमत दिसली तर ती हाताने टाकलीय की ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमधून (सगळ्या मशीनवर एका जागेवरून सेटिंग पाठवायची सोय) येतेय, हेही बघा. पॉलिसीतून येत असेल तर तुम्ही उडवाल आणि ती थोड्या वेळात परत येऊन बसेल.

आम्ही तिन्ही सर्व्हरवरून ती किंमत काढली. २०८९ पुन्हा सुरू झाला आणि तो पहिल्यांदाच बघून हायसं वाटलं. त्याच संध्याकाळी दोन डीसींचा सिस्टिम स्टेट बॅकअप घेतला, वेगळ्या स्टोरेजवर. रिस्टोअर करून बघायला गेलो तर डीएसआरएमचा (डिरेक्टरी रिस्टोअर करण्यासाठी डीसी ज्या मोडमध्ये सुरू करतात त्याचा) पासवर्ड कुणाकडेच नाही. तो कंपनीनेच ठेवला होता आणि त्यांच्याकडेही सापडेना. सुदैवाने डीसी चालू असताना एनटीडीएसयूटिल या कमांडने तो बदलता येतो. बदलला, पुन्हा बॅकअप घेतला, आणि वेगळ्या तोडलेल्या नेटवर्कमध्ये रिस्टोअर करून बघितला. डोमेन उभं राहिलं.

पैशांचं म्हणाल तर परतावा मिळालेला नाही. कंपनीने क्रेडिट नोट देऊ केली, पुढच्या वर्षीच्या त्यांच्याच सेवेत वळती करून घ्यायची. ती आम्ही नाकारली, पत्रव्यवहार चालू आहे. दरम्यान नव्या टेंडरमध्ये दोन अटी घातल्या: दर महिन्याला शोबॅकअपचं आउटपुट आम्ही आमच्या अकाउंटने काढणार, तुमचा स्क्रीनशॉट चालणार नाही, आणि दर तिमाहीला आमच्यासमोर एक रिस्टोअर. अटी पाठवल्यावर एका व्हेंडरने कोट मागे घेतलं. दुसऱ्याने फोन करून विचारलं, रिस्टोअरसाठीचं वेगळं नेटवर्क तुम्ही देणार की आम्ही आणायचं. सध्या त्याच्याशी बोलणी चालू आहेत.