पुनर्विकासापूर्वीचे भूकंपीय सर्वेक्षण : मैदानी काम चोख, अहवाल अपुरा

अंधेरीतील आमच्या इमारतीचा पाया किती खोल न्यावा लागेल, याचा अंदाज घेण्यासाठी सोसायटीने एका खासगी संस्थेकडून अपवर्तन पद्धतीचे भूकंपीय सर्वेक्षण करून घेतले; यात जमिनीवर घाव घालून उठलेल्या कंपनांचा वेग मोजतात आणि त्यावरून खालचे थर ओळखतात. लोकल आणि वाहनांची कंपने नोंदींत मिसळू नयेत म्हणून त्यांची माणसे पहाटे तीनलाच आली, 24 जिओफोन (जमिनीची कंपने टिपणारी उपकरणे) दोन-दोन मीटरवर रोवले आणि जमिनीवरील लोखंडी पट्टीवर घणाचे एकाच जागी अनेक घाव घालून त्या नोंदींची बेरीज घेतली. वॉचमन झोपमोडीने वैतागला, पण ही शिस्त दाद देण्याजोगी होती.

अहवालाबाबत मात्र तक्रार आहे. ज्यातून कंपने सेकंदाला सुमारे 1500 मीटर वेगाने जातात, तो थर त्यांनी सरळ ‘विदारण झालेला खडक’ म्हणून रंगवला. वास्तविक पाण्यातही ध्वनीचा वेग जवळपास तेवढाच असल्यामुळे तो भूजलाने भिजलेला भरावही असू शकतो. शिवाय कठीण बेसाल्टखाली मऊ टफ (ज्वालामुखीच्या राखेचा खडक) असल्यास, आणि मुंबईत तो आढळतो, कमी वेगाचा तो थर या पद्धतीला दिसतच नाही, ही मर्यादा कुठेही नमूद नव्हती. विचारल्यावर त्यांनी पृष्ठीय लहरींचे (जमिनीच्या पृष्ठभागालगत पसरणाऱ्या कंपनांचे) विश्लेषण, ज्यात असा थर दिसू शकतो, विनाशुल्क जोडून दिले. सोबत खालचे थर प्रत्यक्ष तपासण्यासाठी किमान दोन बोअर घेणार असाल, तरच ही सेवा घ्यावी.