ट्राय-अँगच्या जुन्या टीटी गाड्यांसाठी रूळ: जुने घ्यावेत की नवे?

इंग्लंडमधल्या जुन्या खेळण्यांच्या बाजारात ट्राय-अँग कंपनीच्या टीटी या छोट्या मापाच्या खेळण्यातल्या आगगाड्या अजूनही परवडणाऱ्या भावात दिसतात. मार्गेटच्या कारखान्यात १९५७ पासून बनलेली ही श्रेणी. प्रमाण एका फुटाला ३ मिलिमीटर, म्हणजे १:१०१.६, आणि गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १२ मिलिमीटर. १९६० चं दशक संपता संपता ती बंद पडली. इंजिनं मात्र चिवट निघाली. जिंटी नावाचं छोटं इंजिन साफ करून दोन थेंब तेल दिलं की बहुतेक वेळा पळायला लागतं. घोडं अडतं ते रुळांपाशी, कारण ट्राय-अँगचे टीटी रूळ त्या श्रेणीबरोबरच संपले.

पण १२ मिलिमीटर गेजचे रूळ आजही बनतात, वेगळ्या प्रमाणांसाठी आणि वेगळ्या नावांनी. त्यामुळे निवड करता येते. माझं मत आधीच सांगतो: सरळ आणि वळणाचे रूळ नवे घ्या, सांधे, म्हणजे गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारे पॉइंट, जुनेच घ्या. सगळा हिशेब चाकांवर आहे.

जुन्या ट्राय-अँग चाकाची कड, म्हणजे फ्लँज, चांगलीच खोल असते. चाक जाड असतं आणि दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर आजच्या मापापेक्षा कमी असतं. साध्या रुळावर फक्त कडेच्या खोलीचा प्रश्न येतो. सांध्यावर मात्र तिन्ही गोष्टी एकदम आडव्या येतात. नव्या सांध्यात फ्रॉगजवळची, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथली, खाच अरुंद असते, तिथे हे चाक वर चढतं नाहीतर अडकतं.

नवे रूळ घेताना वेष्टनावरचा कोड बघा. तो आकडा म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली रुळाची उंची. पेको कंपनीचा टीटी:१२० (१:१२० प्रमाणासाठीचा) रूळ कोड ५५ चा, म्हणजे जेमतेम १.४ मिलिमीटर उंच. दिसायला सगळ्यात देखणा हाच, पण जुन्या चाकांची कड रुळाला धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आपटते. ज्यांची सगळी चाकं बदलून झाली आहेत त्यांनीच तो घ्यावा. हॉर्नबीचा टीटी:१२० रूळ कोड ८० चा आणि जर्मनीच्या टिलिगचा कोड ८३ चा, म्हणजे साधारण २ ते २.१ मिलिमीटर. इथे खुर्च्यांच्या वर जागा उरते. पेकोचाच एचओएम नावाचा, १:८७ प्रमाणातल्या मीटरगेजसाठीचा रूळ कोड ७५ चा, १.९ मिलिमीटरचा. तो सीमारेषेवर आहे.

तरी आकड्यांवर विसंबून डझनभर तुकडे मागवू नका. एकच सरळ तुकडा घ्या, तुमच्याकडचा सगळ्यात जुना वॅगन त्यावर ठेवा आणि बोटाने हलकेच ढकला. कान लावून ऐका. कड खुर्च्यांना लागत असेल तर प्रत्येक स्लीपरपाशी बारीक टिकटिक ऐकू येते आणि बोटालाही ती जाणवते. आवाज आला नाही तर बिनधास्त पुढे जा.

हॉर्नबी की एचओएम, हा खरा पेच. हॉर्नबीचे ठरावीक मापाचे तुकडे असतात: सरळ १६६ मिलिमीटरचा, वळणं २६७, ३१० अशा त्रिज्यांची. टेबलावर मांडायचं आणि रात्री आवरून ठेवायचं असेल तर हेच सोयीचं. मोजमाप टिलिगशी जुळतं, म्हणून एखादा तुकडा कमी पडला तर दुसऱ्या दुकानातूनही भागतं. एचओएमचा लवचीक रूळ ९१४ मिलिमीटर लांब येतो. ३१० त्रिज्येचं पूर्ण वर्तुळ सुमारे १.९५ मीटरचं, त्यात दोन बाजूंना एकेक मीटर सरळ धरलं तर जेमतेम ४ मीटर, म्हणजे पाच लांब्यांत काम होतं. पक्क्या फळीवर मोठा मार्ग टाकणाऱ्याला हाच स्वस्त पडतो. मात्र इतक्या लहान वळणात लांबीची टोकं सरळ व्हायला बघतात, म्हणून दोन लांब्या आधी सरळ ठेवून सोल्डर करा आणि मगच वाकवा.

दिसण्याचं म्हणाल तर दोन्हींत थोडी तडजोड आहे. साडेआठ फुटी ब्रिटिश स्लीपर ३ मिलिमीटरच्या प्रमाणात २५.५ मिलिमीटर लांब हवा. १:१२० मध्ये तोच २१.६ होतो. एचओएम तर मीटरगेजसाठी, १२ गुणिले ८७ म्हणजे १,०४४ मिलिमीटर. गिट्टी पसरली की हे फारसं खटकत नाही. एक फायदाही आहे: पुढेमागे आपल्या जुन्या पुणे-मिरज मीटरगेजसारखं काही १:८७ मध्ये उभारावंसं वाटलं तर हेच रूळ कामी येतील.

आता जुने रूळ. ट्राय-अँगचे दोन प्रकार आहेत. पहिला करड्या प्लॅस्टिकच्या गिट्टीसकट साच्यातून काढलेला, दुसरा सुट्ट्या स्लीपरांचा. दोघांची जोडणी वेगळी आहे, म्हणून विक्रेत्याकडून फोटो मागवल्याशिवाय पैसे देऊ नका. खोकंभर तुकडे एकगठ्ठा स्वस्त मिळतात, पण त्यात वळणंच जास्त आणि सांधे कमी असतात. गंजलेले तुकडे सोडून द्या. पॉलिश पेपरने घासले तर वरचा मुलामा जातो आणि गंज आणखी लवकर चढतो. कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसण्याने निघेल तेवढंच काढा. पैसे खर्चायचे ते सांध्यांवर. सांध्याच्या सरकत्या पात्या दोन्ही बाजूंना पूर्ण टेकतात का, एवढं पाहून घ्या. १९६५ पासून चालू असलेल्या ३ एमएम सोसायटी या ३ मिलिमीटर प्रमाणाच्या हौशी मंडळींच्या संस्थेचं सभासदत्व घेतलं तर सभासदांसाठीचं दुकान आणि जुन्या सामानाची विक्री दोन्ही खुली होतात. बदलायची चाकंही तिथेच मिळतात.

जुना सांधा आणि नवा रूळ यांची उंची सारखी नसते. फिशप्लेटचा, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या धातूच्या पट्टीचा, अर्धा भाग पकडीने चपटा करा, उरलेला अर्धा जुन्या रुळावर सरकवा आणि चपट्या भागावर नवा रूळ ठेवून सोल्डर करा. खाली कार्डाची पट्टी देऊन वरच्या कडा एका पातळीत आणा. उंची खालून जुळवायची, वरून कानस मारून नव्हे. असा एक जोडतुकडा करून ठेवला की प्रत्येक सांध्याशी पुन्हा झटापट करावी लागत नाही.

भारतात न्यायचं असेल तर पारडं हॉर्नबीकडे झुकतं. १६६ मिलिमीटरचे तुकडे सामानाच्या बॅगेत कपड्यांमध्ये सहज बसतात. ९१४ च्या लांब्या पार्सलने पाठवल्या तर टपालखर्च आणि सीमाशुल्क जाऊन बचत उरतच नाही.