फालेओलो ते पागो पागो: विमान-अंतराचं अ‍ॅप आठ महिने वापरल्यावर

कामासाठी आठ महिने समोआत, अपियाला होतो. महिन्यातून एकदा शेजारच्या अमेरिकन समोआत, पागो पागोला फेरी असायची. दोन विमानतळांमधलं अंतर आणि वेळ सांगणारं एक फुकट अ‍ॅप त्यासाठी मोबाइलवर घेतलं होतं.

अंतर चोख. फालेओलो (अपियाचा विमानतळ) ते पागो पागो सरळ रेषेत १५० किलोमीटर, म्हणजे ९४ मैल. वैमानिक ८१ म्हणाला तेव्हा चक्रावलो. ते सागरी मैल निघाले.

वेळेच्या बाबतीत मात्र सगळा आनंद. अ‍ॅप सांगतं ११ मिनिटं, कारण ते ताशी ८०० किलोमीटर धरून सरळ भागाकार करतं. इथे उडतं ते ट्विन ऑटर, दोन पंख्यांचं, जेमतेम १९ जणांचं. बसण्याआधी सामानासकट आपल्यालाही काट्यावर उभं करतात. या विमानाला पोचायला चाळीसेक मिनिटं लागतात. जाताना आग्नेयेकडचे व्यापारी वारे समोरून येतात, परतताना पाठीशी असतात, त्यामुळे पाच-सात मिनिटं इकडेतिकडे. शिवाय अपिया गावातून फालेओलोला पोचायलाच पाऊण तास, हे कुठल्या अ‍ॅपला कळणार? फिजीतलं नांदी ते फालेओलो या १२०० किलोमीटरच्या जेट प्रवासाला त्याने दीड तास सांगितला, लागले पावणेदोन-दोन. तिथे ठीक चालतं.

खरा घोळ वाराचा. २०११ साली समोआने ३० डिसेंबर हा दिवसच गाळला आणि ते वाररेषेच्या पलीकडे, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या बाजूला गेले, व्यापार त्यांच्याशी म्हणून. अमेरिकन समोआ जागेवरच राहिलं. त्यामुळे दोन्हीकडच्या घड्याळात वेळ एकच, पण फरक पूर्ण २४ तासांचा. मंगळवारी सकाळी दहाला निघालात की सोमवारी दहा चाळीसला उतरता. अ‍ॅपमध्ये याचा उल्लेखच नाही. पहिल्या फेरीत मी खोली मंगळवारपासून घेतली आणि सोमवारी बॅग घेऊन दारात उभा. हॉटेल भरलेलं. बिचाऱ्यांनी कुठूनतरी सोय केली, पण पैसे डॉलरमध्ये हवे होते आणि माझ्या खिशात नुसते समोआचे ताला.

पाचपैकी तीन तारे. किलोमीटरसाठी जरूर वापरा; पोचायची तारीख तिकिटावरूनच घ्या, आणि परतीला एक दिवस जातो तोही धरा.

माझी आणखी एक पंचाईत होती, सोमवारच्या उपासाची. अपियात सोमवार पाळून मंगळवारी निघालो, तर पागोत पुन्हा सोमवार. संध्याकाळी सातला आईला फोन लावला. साताऱ्यात मंगळवारचे सकाळचे साडेअकरा. ती म्हणाली, "जिथे पाय टेकलेत तिथला वार." पागोच्या बंदरावर ट्यूनाचा कारखाना आहे, गावभर त्याचा वास. साबुदाणा कुठला मिळायला! केळ्यांवर भागवलं.