कार वॅक्स: लावायला सगळीच सोपी, पुसायला कुठलं?

लावताना कुठलंच वॅक्स त्रास देत नाही. खरी परीक्षा पुसताना होते. अर्ध्या बॉनेटवर पांढरा थर घट्ट बसलेला असतो, काळ्या प्लॅस्टिकवर डाग उतरलेले असतात आणि ऊन चढत असतं. म्हणून इथे डब्यातलं घट्ट, बाटलीतलं पातळ आणि स्प्रे हे तीन प्रकार पुसण्याच्या कष्टावर तोलले आहेत. प्रत्येकाचा एकेक परिचित नमुना घेतला आहे: फॉर्म्युला वन कार्नोबा पेस्ट, मेग्वायर्स अल्टिमेट लिक्विड वॅक्स आणि टर्टल वॅक्सचा हायब्रिड सोल्यूशन्स सिरॅमिक स्प्रे. निकाल आधीच सांगून टाकतो. पहिल्यांदाच हात घालत असाल तर बाटलीतलं घ्या. स्प्रे दिसायला सर्वांत सोपा आहे, पण काळ्या गाडीवर तोच सर्वांत जास्त चुगली करतो.

पेस्टपासून सुरुवात करू. कार्नोबा हे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण. ते इतकं कडक की ८० अंश सेल्सियसच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. ते बोटाने उचलता यावं म्हणून त्यात द्रावक आणि इतर मऊ मेणं मिसळतात. द्रावक उडून गेला की मागे जो पांढुरका थर राहतो, तो आपण पुसतो. लाल, मरून आणि काळ्या रंगावर पेस्टची चमक खरोखर खोल दिसते, आणि २३० ग्रॅमचा डबा घरच्या गाडीला बराच काळ पुरतो. अडचण एकच: हात सैल सुटला की संपलं. एका हॅचबॅकला १५ ते २० ग्रॅम पुष्कळ होतात. फोमच्या पॅडवर वॅक्स जेमतेम दिसेल इतकंच घ्यायचं आणि पत्र्यावर अंधूक धुकं दिसेल इतकंच पसरायचं. जाड थराने चमक वाढत नाही, फक्त दंड दुखतात. शिवाय विदर्भातल्या मे महिन्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीवर पेस्टचा थर दीड-दोन महिन्यांपलीकडे टिकेल अशी आशा धरू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे प्लॅस्टिक. हल्लीच्या छोट्या एसयूव्हींना चाकांभोवती आणि दारांच्या खालच्या बाजूला काळ्या, खरबरीत प्लॅस्टिकची पट्टी असते. पेस्ट तिच्या बारीक खळग्यांत शिरली की वाळून पांढरी दिसते आणि साध्या फडक्याने निघत नाही. लावण्याआधी तिथे मास्किंग टेप मारा. डाग पडलाच तर ऑल पर्पज क्लीनर एकास दहा पाणी घालून मऊ टूथब्रशने घासा आणि लगेच धुवा.

लिक्विड वॅक्स इथेच बाजी मारतं. मेग्वायर्सच्या या बाटलीत कृत्रिम पॉलिमर आहेत. ती प्लॅस्टिकवर पांढरा डाग ठेवत नाही, आणि उन्हातही लावता येते असा कंपनीचा दावा आहे. पहिली गोष्ट प्रत्यक्षात पटते. दुसरीवर विसंबून मे महिन्यात दुपारी बारा वाजता छतावर लावायला जाऊ नका. तळहात पत्र्यावर आरामात टेकत नसेल तर कुठलंच वॅक्स लावायचं नाही. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब घ्या, साधारण दोन फूट बाय दोन फुटांचा भाग पूर्ण करा, मग पुढे सरका. अख्ख्या हॅचबॅकला २५ ते ३० मिली लागतं, म्हणजे ४७३ मिलीच्या बाटलीत पंधरा ते अठरा वेळा भागतं. डब्यापेक्षा महाग असली तरी हा हिशेब केल्यावर ती तितकी टोचत नाही.

पुसायची वेळ घड्याळावर ठरवू नका. वॅक्सच्या थरावरून बोट एकदा ओढा. खालचा रंग स्वच्छ, चकचकीत दिसला तर पुसायला घ्या. बोटाखाली फराटा उमटला तर थांबा. कोरड्या हवेत पाच मिनिटांत काम होतं, तर पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईत किंवा कोकणात वीस मिनिटंही लागतात. ओलसर हवेत घाई केली की गाडीभर तेलकट पट्टे उठतात आणि दोष वॅक्सला दिला जातो. उलट, थर जास्त वेळ राहून चिकटलाच तर कोरड्या फडक्याने घासत बसू नका. त्याच जागी थोडं ताजं वॅक्स लावा. त्यातल्या द्रावकाने जुना थर सैल होतो, मग दोन्ही एकदमच पुसून निघतात.

आता स्प्रे. यात सिलिकाधारित रसायन असतं. पाण्याचे थेंब टपोरे उठतात, हात लावला तर पत्रा निसरडा लागतो आणि अर्ध्या तासात गाडी उरकते. पण इथे थर वाळू द्यायचा नसतो. एका पॅनेलवर दोन-तीन फवारे मारा, पहिल्या मायक्रोफायबरने पसरा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसा. तापलेल्या पत्र्यावर किंवा सहा-सात फवारे मारून लावलं तर इंद्रधनुषी डाग राहतात. सावलीत ते दिसत नाहीत, संध्याकाळी पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली नेमके दिसतात. त्याच दिवशी ओलसर कापड आणि एक फवारा यांनी ते निघतात. दुसऱ्या दिवशी काम वाढतं. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीला स्प्रे बेलाशक घ्या. आणि वॅक्स टिकण्याचे बाटलीवर छापलेले महिने आपल्याकडे जरा कमी करूनच वाचावेत. सोसायटीत रोज सकाळी डिटर्जंटच्या एकाच बादलीत दहा गाड्यांचा फडका फिरत असेल, तर कुठलंही वॅक्स लवकर जातं. वॉशिंग सेंटरवर चमक यावी म्हणून मारलेला डिझेलचा हातही तेच करतो.

वॅक्स स्वस्त घेतलंत तरी चालेल, पण त्याआधीच्या धुण्यात कसूर नको. कार शॅम्पूने धुऊन वाळवल्यावर हातात पातळ पॉलिथिनची पिशवी घालून बॉनेटवरून फिरवा. खरखर जाणवली तर ती धूळ नाही, रंगाला चिकटलेले कण आहेत. त्यावर वॅक्स चोळणं म्हणजे तेच कण गाडीभर फिरवणं. भरपूर शॅम्पूपाण्याबरोबर क्ले बार, म्हणजे असे कण उचलून घेणारी मऊ मातीसारखी वडी, हलक्या हाताने फिरवा. तो जमिनीवर पडला तर टाकून द्या, धुऊन वापरू नका. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके असतील तर पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून लावा, मिनिटभरात धुवा. वॅक्सने हे ठिपके थांबत नाहीत बरं का. टपोरे थेंब उन्हात वाळले की क्षार एकाच जागी जमतात, त्यामुळे गाडी धुतल्यावर लगेच टिपून घेणं आलंच.

कापड ३०० ते ४०० जीएसएमचं (म्हणजे दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचं) मायक्रोफायबर घ्या, किमान तीन. शिवलेलं लेबल कापून टाका, त्याने बारीक चरे पडतात. ही कापडं इतर कपड्यांत धुवू नका आणि फॅब्रिक कंडिशनर घालू नका. त्याने धागे बुजतात आणि कापड वॅक्स उचलायचं सोडून नुसतं पसरवत बसतं.

पुढच्या काचेवर यातलं काहीच लावू नका. वायपर कटकट करत उड्या मारतात आणि रात्री पावसात समोरच्या दिव्यांचा झगमगाट पसरतो. मॅट रंगाच्या गाडीला वॅक्स वर्ज्य. दुकानदाराने वॅक्स म्हणून रबिंग कंपाउंड पुढे केलं तर परत करा. ते वरचं पारदर्शक आवरण घासतं, आणि ते आवरण एक मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याइतकंही जाड नसतं. गाडी नवीन असेल तर वाट बघायची गरज नाही, कारखान्यातला रंग भट्टीत पक्का होऊनच येतो. अपघातानंतर गॅरेजमध्ये दार किंवा बंपर नव्याने रंगवला असेल तर मात्र रंगारी सांगेल तितके दिवस, निदान महिनाभर, तेवढाच भाग सोडून बाकीच्या गाडीला वॅक्स लावा. रंगातला द्रावक बाहेर पडायला वाट मोकळी राहावी लागते.