बेळगावची नवी, कोल्हापूरची स्वस्त की मामांची जुनी? बंदूक बिघडली तर जबाबदार कोण?

सुगी तोंडावर आली की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो: पीकसंरक्षणाचा परवाना मिळालाय, आता बंदूक कुठून घ्यावी? जांबोटी-कणकुंबीकडे रानडुकरं आणि गवे एका रात्रीत भाताचं शेत आडवं करतात. प्राण्यावर बार झाडायचा तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते. जागलीवरच्या माणसाला हवेत बार काढून कळप पळवता आला तरी पुष्कळ. विचारणारे किमतीपासून सुरुवात करतात. मी त्यांना आधी हे विचारते, की ती बिघडली तर कुठे नेणार?

आमच्या अण्णांनी जून २०२३ मध्ये नवी दुनळी, बारा बोअर, घेतली. ऑक्टोबरात अण्णा शेतातल्या माळ्यावर जागलीला असताना डुकरं बांधाशी आली. उजव्या नळीचा बार निघाला, डाव्या नळीतून नुसता 'टक्' असा आवाज. अण्णांनी नळ्या आभाळाकडेच धरून शंभरापर्यंत आकडे मोजले, कारण उशिरा पेटणारं काडतूस बंदूक उघडताना फुटलं तर तोंडावरच येतं. सकाळी अंगणात दोन्ही काडतुसं शेजारी ठेवून पाहिली. दोन्ही एकाच डब्यातली. उजव्याच्या बुडाच्या टोपीवर, जिथे बंदुकीची पिन आपटते तिथे, मसुराएवढा खोल खड्डा, डाव्याच्या टोपीवर नखाने टोचल्यासारखी खूण. म्हणजे काडतूस चांगलं होतं, डाव्या नळीची पिनच टोपीवर नीट आपटत नव्हती.

ती काडतुसं आम्ही दुकानात नेऊन दाखवली. दुकानदार आधी म्हणाला, "काडतूस सादळलं असेल." खूण दाखवल्यावर म्हणाला, "कंपनीला कळवतो, उत्तर आलं की बंदूक आणा." मार्च २०२४ उजाडला तरी उत्तर नाही. मग लोकसभेची आचारसंहिता लागली, बंदूक ठाण्यात जमा झाली, आणि जूनमध्ये परत हातात आली तेव्हा वर्षाच्या वॉरंटीचे थोडेच दिवस उरले होते. आम्ही रजिस्टर पोस्टाने नोटीस दिली, तेव्हा कुठे काम हललं. दिवाळीला बंदूक दुरुस्त होऊन आली. तोवर दोन सुग्या गेल्या होत्या.

म्हणून दुकान निवडताना मी वॉरंटी किती वर्षांची, याच्या आधी ती कोणाची हे बघते. कार्ड कंपनीचं असतं आणि कंपनी दूर असते. सरकारी बनावटीची बंदूक असेल तर कारभार कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट या सरकारी कंपनीकडे. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून ज्या सात कंपन्या झाल्या त्यातली ही एक. खाजगी बनावटीची असेल तर जम्मू किंवा मुंगेरकडचा एखादा लहान कारखाना. बनावट कुठलीही असो, खानापूरच्या शेतकऱ्याला तिथवर एकट्याने पोचणं जड जातं. मिक्सर बिघडला तर पिशवीत घालून कुठेही नेता येतो. बंदुकीचं तसं नाही. परवान्यावर हद्द लिहिलेली असते आणि तिच्याबाहेर जायचं तर आधी लेखी परवानगी काढावी लागते.

निपाणीकरांचा खरा पेच इथेच आहे. त्यांना कोल्हापूर बेळगावपेक्षा कितीतरी जवळ, दुकानात भाषा आपली, आणि कधी भावही कमी. पण परवाना कर्नाटकापुरता असेल तर प्रत्येक दुरुस्तीला राज्याची सीमा आडवी येणार. तुमचा परवाना अखिल भारतीय असेल तर कोल्हापूरला माझी काहीच हरकत नाही. तिथे घेतलेली बंदूक सदोष निघाली तरी तक्रार कोल्हापुरातच करायला हवी असं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, म्हणजे बेळगावात, ती दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. पावती मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर सोबत जोडलेलं बरं.

बेळगावच्या दुकानात घेणार असाल तर एक गोष्ट डोळ्यांनी बघा: त्याच्या परवान्यात विक्रीबरोबर दुरुस्तीही आहे का. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. नसेल तर तोही बंदूक दुसरीकडेच पाठवणार, आणि जवळच्या दुकानाचा फायदा तिथेच संपतो. आणि कृपा करून गावच्या लोहाराकडे पिन घासून घेऊ नका. तो गुन्हा तर आहेच, शिवाय बंदुकीत फेरफार केलेला दिसला की ग्राहक कायद्याचं कलम ८७ दाखवून दुकानदार इजेच्या दाव्यातून अंग काढून घेऊ शकतो.

"आम्ही फक्त विकतो" हे उत्तर ऐकून परत फिरू नका. बंदूक नुसती चालत नसेल तर तो मालातला दोष. तो दूर करणं, माल बदलून देणं किंवा पैसे परत करणं असा आदेश आयोग विक्रेत्यालाही देऊ शकतो. नळी फाटून माणूस जखमी झाला तर प्रकरण उत्पादन दायित्वाचं, म्हणजे सदोष मालाने झालेल्या इजेच्या भरपाईचं होतं. त्यात पहिला भार बनवणाऱ्यावर असतो. विक्रेता ग्राहक कायद्याच्या कलम ८६ खाली केव्हा अडकतो? त्याने स्वतः वेगळी हमी दिली असेल, मालात फेरफार केला असेल, तपासणीत हयगय केली असेल, किंवा बनवणारा कोण हेच कळत नसेल तर. म्हणून पावतीवर दुकानदाराच्या हातचं एक वाक्य आणि नळीवरचा नंबर मागून घ्या. नाव आणि नंबर कोरलेला नसलेली बंदूक विकायला शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे बंदीच आहे.

बदलून मिळते आहे म्हणून लगेच हुरळू नका. नव्या बंदुकीचा नंबर वेगळा, म्हणजे परवान्यावरची नोंद बदलून घेण्याची खेप आली. दोष पिनसारखा लहान असेल तर दुरुस्तीच बरी. नळीत किंवा नळ्या घट्ट बंद ठेवणाऱ्या कुलुपात दोष असेल तर मात्र बदलूनच मागा.

आता जुनी. मामांची बंदूक स्वस्तात मिळते, वर्षानुवर्षं चाललेली असते, माझ्याही मनात तिच्याबद्दल माया आहे. पण मामा व्यापारी नाहीत, त्यामुळे ग्राहक कायदा इथे सहसा लागू होत नाही, आणि खरेदीनंतर निघालेला दोष तुमचा. विकण्याआधी मामांनी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं असतं. तेवढ्या दिवसांत परवानाधारक कारागिराकडून ती तपासून घ्या: नळीला पोचा, बिजागरीत ढिलाई, दस्त्याला भेग. खानापूरच्या पावसात दस्त्याचं लाकूड लवकर फुगतं. तीच जुनी बंदूक दुकानातून घेतली तर दुकानदार व्यापारी ठरतो, आणि पावती असेल तर आयोगाचं दार उघडं राहतं. मामा आणि दुकान यांच्या भावात थोडाच फरक असेल तर मी दुकानातून घेईन.

तक्रारीची मुदत दोन वर्षं. दोष दिसला त्या दिवशीच तारीख घालून दुकानाला पत्र द्या आणि पोच घ्या. आचारसंहितेत बंदूक जमा केली तर त्या पावतीचीही प्रत ठेवा. न पेटलेलं काडतूस मात्र घरी जपून ठेवू नका, नेताना दुकानातच देऊन टाका, आणि टोपीवरच्या खुणेचा जवळून फोटो आधी काढा. दोष पाहून कळण्यासारखा नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवतो आणि निकालाची मुदत तीनऐवजी पाच महिने होते. फोटोत दोन्ही टोप्या शेजारी शेजारी दिसू द्या.