हुशार आहे, पण वाचताना अडते: मोठी शाळा की विशेष शाळा?

डिस्लेक्सियाच्या चाचण्या झाल्या आहेत, अहवाल हातात आहे आणि 'आळशी आहे', 'मोठी झाली की येईल' वगैरे घरातले वाद मागे पडले आहेत, असं धरून चालतो. डिस्लेक्सिया म्हणजे काय, हे इथे सांगत बसत नाही. प्रश्न शाळेचा आहे. आमच्या मुलीला वाचताना अडवणारा डिस्लेक्सिया आणि जोडीला लिहिताना अडवणारा डिस्ग्राफिया, आणि विज्ञान-गणितातली समज मात्र वयाच्या बरीच पुढे. तिच्यासाठी आम्ही तीन प्रकारच्या शाळा पाहिल्या: प्रवेशपरीक्षा घेऊन निवडक हुशार मुलं घेणारी, रिसोर्स रूम (अडणाऱ्या मुलांना वेगळं शिकवायची खोली) असलेली सर्वसाधारण मोठी शाळा, आणि फक्त अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांची विशेष शाळा. नंतरच्या दोन्ही ठिकाणी ती शिकली, त्यामुळे खरी तुलना त्या दोघींचीच.

निवडक शाळेचं लवकर उरकतो. शिकवणं उत्तम होतं, पण तिथल्या प्रत्येक चांगल्या गोष्टीचा शेवट लेखी कामात होत होता. प्रकल्प असा की मुलीचे डोळे चमकावेत, आणि त्याचा अहवाल हाताने लिहून पानंच्या पानं. टायपिंगला हरकत नसेल आणि मुलाची अडचण सौम्य असेल तर जरूर विचार करा. प्रवेशपरीक्षेलाच जादा वेळ किंवा लेखनिक देता का, एवढं विचारलं तरी पुरे. आम्हाला त्यावर 'मग ती इथे टिकेल का?' असा उलट प्रश्न आला.

आता उरलेल्या दोन. पहिला फरक मला दिसला तो अहवाल वाचण्याच्या पद्धतीत. बुद्ध्यांक मोजणाऱ्या वेक्सलर चाचणीत सरासरी १०० धरतात आणि १३० च्या वर शंभरात साधारण दोनच मुलं असतात. आपल्या मुलांच्या बाबतीत घोळ असा की शाब्दिक आकलन १३८ आणि काम उरकण्याचा वेग ८६, अशी दरी एकाच अहवालात असू शकते. दोन्ही धरून एकत्रित आकडा काढला की तो 'बरी आहे, चारचौघींसारखी' असं सांगतो, आणि ते तिच्या कुठल्याच बाजूला लागू पडत नाही. म्हणूनच वेग आणि तात्पुरती स्मृती वगळून काढलेला वेगळा निर्देशांकही अनुभवी मानसशास्त्रज्ञ देतात. तुमच्या अहवालात नसेल तर मागून घ्या. मोठ्या शाळेने एकत्रित आकडा पाहिला आणि आमचं अभिनंदन केलं. विशेष शाळेतल्या बाईंनी तो ओलांडून थेट उपचाचण्यांचं पान काढलं. बरं वाटलं, पण हेही सांगायला हवं की त्यांचं बोट आधी खालच्या आकड्यांवरच गेलं. वरच्यांकडे आम्हाला न्यावं लागलं.

हे कोडं नवं नाही. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी १८९६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये वाचता न येणाऱ्या एका चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत लिहिली होती. त्याला शिकवणाऱ्या मास्तरांचं म्हणणं होतं की शिकवणं सगळं तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. सव्वाशे वर्षं उलटली तरी शाळा पाहताना मी मनात तोच प्रश्न घेऊन फिरत होतो: इथे दिवसाचा किती भाग तोंडी आहे?

मोठ्या शाळेच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे, आणि ते मी हातचं राखून सांगत नाही. प्रयोगशाळा खरी होती. वाद घालायला तिच्या तोडीची मुलं होती. तिला पहिल्यांदा जिवाभावाची मैत्रीण मिळाली ती तिथेच. शिक्षकांमध्ये वैविध्य होतं, त्यातले एक गणिताचे सर तर तिचं उत्तर तोंडी ऐकून घ्यायचे आणि स्वतः फळ्यावर मांडायचे. रिसोर्स रूमही दिखाऊ नव्हती. तिथल्या विशेष शिक्षिका प्रशिक्षित होत्या, मनापासून शिकवायच्या.

माझं घोडं अडलं ते वेळापत्रकात. रिमेडियलचा, म्हणजे वाचन-लेखन वेगळं शिकवायचा, तास कधी ठेवायचा, हा वरवर पाहता कारकुनी प्रश्न. भाषा आणि गणित 'महत्त्वाचे' विषय, त्यांतून मुलाला उठवायचं नाही असा नियम. मग उरतं काय? प्रयोगशाळा, चित्रकला, ग्रंथालय, खेळ. म्हणजे जिथे ती सगळ्यांच्या पुढे असायची, नेमकं तिथूनच तिला उठवून न्यायचे. वर्ग विजेचं मंडल जोडत असताना ही शेजारच्या खोलीत अक्षरांचे आवाज जुळवत बसलेली. रोज नाही, पण आठवडाभर वाट पाहिलेला तास तोच असायचा. आणि खरी कमाल पुढे होती: चुकलेल्या तासाची वही घरी पूर्ण करायची. जिला लिहायला त्रास होतो म्हणून मदत द्यायची, तिलाच त्या मदतीच्या बदल्यात जास्तीचं लिखाण! मैत्रिणीची वही आणायची आणि संध्याकाळभर उतरवत बसायचं. न पाहिलेल्या प्रयोगाची आकृती, न ऐकलेल्या तासाचे मुद्दे. वह्या अपुऱ्या राहिल्या की विज्ञान मंडळात बसता यायचं नाही, हा आणखी एक नियम.

आम्ही बोललो. सगळे सौजन्याने वागले. विशेष शिक्षिका सगळ्या तुकड्यांना मिळून होत्या, त्यांचा तास हलवला तर इतर मुलांचे तास हलणार. वर्गशिक्षिकांचं म्हणणं, एकीला वही माफ केली तर बाकीच्यांना काय सांगू? प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर होतं, आणि मुलगी मात्र हळूहळू वर्गात हात वर करायची बंद झाली. शाळेच्या माहितीपत्रकात 'व्यक्तिगत लक्ष' असं ठळक छापलेलं होतं. ते खोटंही नव्हतं, फक्त चुकीच्या तासाला मिळत होतं.

विशेष शाळेत गेल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की तिथे कुणाला कुठून उठवतच नाहीत. सकाळचे सुरुवातीचे तास अख्खी शाळा वाचन-लेखन शिकते, गट वयाप्रमाणे नाही तर पातळीप्रमाणे. पद्धत ऑर्टन-गिलिंगहॅम धाटणीची, म्हणजे १९३० च्या दशकात अमेरिकेत आकाराला आलेली: आवाज, अक्षर आणि हाताची हालचाल एकत्र, ठरलेल्या क्रमाने, एक पक्कं झाल्याशिवाय पुढचं नाही. हे काम कंटाळवाणं असतं. हुशार मुलाला तर फारच, कारण 'कळलं, पुढे चला' असं त्याचं डोकं सांगत असतं आणि हात-डोळे मागे असतात. आमचीही वैतागायची. पण ते आटोपलं की उरलेला दिवस तिचा. धडा वाचून दाखवायचे, मुद्दे छापून द्यायचे, उत्तर तोंडी किंवा टाइप करून. आणि गृहपाठ जवळजवळ नाही.

आता उणी बाजू, आणि ती लहान नाही. विज्ञान आणि गणित तिच्या मानाने सोपं होतं. जे तिला शिक्षिकेचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत कळायचं, त्यावर वर्ग पूर्ण तास घालवायचा. वाद घालायला तोडीचं कुणी नव्हतं, एखाद-दुसरा अपवाद वगळता. जुनी मैत्रीण सुटली. नातेवाइकांच्या 'तिथे का घातलं?'ला तोंड द्यावं लागलं, त्याचं एक वेळ काही नाही, पण मुलीनेही तोच प्रश्न विचारला तेव्हा उत्तर सोपं नव्हतं. आणि अशा शाळांमध्ये शिक्षकांची सगळी तालीम उणिवा भरून काढण्याची असते. बुद्धीला खाद्य द्यायचं म्हटलं की 'आधी वाचन होऊ दे' असं ऐकू येतं. ते ऐकून घेऊ नका. वाचन सुधारण्याची वाट पाहत गणित थांबवायचं काहीच कारण नाही.

तरीही माझा कौल, अगदी हलक्या हाताने, विशेष शाळेच्या बाजूने पडतो. कारण तिथली कमतरता आम्हाला घरून भरून काढता आली आणि मोठ्या शाळेतली नाही. संध्याकाळ मोकळी झाली. त्या वेळात ध्वनिपुस्तकं आली, वरच्या इयत्तेचं गणित आलं, सुटे भाग जोडून काहीतरी चालवून पाहणं आलं. खाद्य बाहेरून आणता येतं. शाळेच्या वेळापत्रकात मात्र पालक हात घालू शकत नाही. हे काही मोजून सिद्ध केलेलं नाही. ती पुन्हा प्रश्न विचारू लागली, जेवताना डोकं खाऊ लागली, एवढ्यावरून म्हणतोय.

तुमचं गणित वेगळं असू शकतं. मूल ओघात वाचत असेल आणि अडचण फक्त लिहिण्याची असेल, तर टायपिंगची परवानगी देणारी मोठी शाळा मला तरी जास्त बरी वाटते. रिमेडियल भाषेच्याच तासाला किंवा शाळा भरण्याआधी होत असेल, तर माझा मुख्य आक्षेपच उरत नाही. मूल तेरा-चौदाचं असेल तर विषयांची निवड आणि सोबत यांचं वजन वाढतं, तेव्हाही मोठीच शाळा. आणि विशेष शाळेत आपल्याच एखाद्या मुलाबद्दल 'हा अमुक विषयात आम्हाला मागे टाकतो' असं कुणी कौतुकाने सांगितलं नाही, तर जपून. तिथून सर्वसाधारण शाळेत परत गेलेल्या मुलांबद्दलही विचारा: कितव्या इयत्तेत गेली, कुणी ठरवलं, तिथे टिकली का. आमच्या शाळेत दाखल करतानाच परतीचं बोलणं झालं होतं, म्हणून मुलीलाही ते सांगता आलं.

भेटीला जाल तेव्हा सभागृह आणि संगणक कक्ष पाहण्यात वेळ घालवू नका. सध्या रिमेडियल घेणाऱ्या एखाद्या मुलाचं आठवड्याचं वेळापत्रक मागा, नाव झाकून दिलं तरी चालेल. तो तास कशाच्या जागी आहे ते बघा, आणि चुकलेल्या तासाच्या वहीचं काय करतात ते विचारा. यावर का-कू झाली, तर रिसोर्स रूम कितीही देखणी असो, मी पुढचं बोलणं केलं नसतं.